ढवळीच्या जागेवरचं गिऱ्हाईक

आमच्या ह्यांना कुणी प्रेमाने काही दिलं की हे आधी ते उलटं करून बघतात. नारळ दिला तर कानाशी हलवतात. पेढ्यांचा पुडा दिला तर तळहातावर धरून दोनदा वरखाली करतात. जावयाने पहिल्या दिवाळीला शाल दिली, तेव्हा जावई समोर चहा पीत बसलेला असताना ह्यांनी शालीचा एक धागा ओढला आणि उदबत्तीवर जाळून वास घेतला. लोकर निघाली, म्हणून जावई वाचला. मुलगी मात्र माझ्याशी स्वयंपाकघरात येऊन भांडली, जसं काही मीच काडी ओढली होती.

हे म्हणजे यज्ञेश्वर खांबेटे, माझे यजमान. पस्तीस वर्षं सरकारच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायची, हा धंदा. लाच कधी घेतली नाही, कारण ती देणारा खरी नोट देतोय की खोटी याचाच ह्यांना संशय. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात बोटभर लांबीचा स्प्रिंगचा काटा असतोच. खाली हूक, वर कडी. शनिवार पेठेत आमच्या गल्लीत ह्यांना पाहिलं की वाणी आपण होऊन साखर चमचाभर जास्त टाकतो. हे ती परत काढायला लावतात. जास्त का टाकलीस, म्हणतात, आधी कमी भरली होतीस म्हणून?

अशा माणसाबरोबर त्रेपन्न वर्षं काढली मी. एवढ्या वर्षांत फक्त एकदा आठ दिवस अबोला धरला होता. शहात्तर सालची गोष्ट. मंडईत सोजरबाई म्हणून एक म्हातारी काकड्या घेऊन बसायची. तिच्याकडे पितळेची वजनं होती आणि ती रोज संध्याकाळी राखेने घासून देवाच्या भांड्यांसारखी लख्ख करायची. पंधरा वर्षं घासून घासून अर्ध्या किलोचं वजन दहा-बारा ग्रॅमने हलकं झालं होतं. तिला त्याचा पत्ता नव्हता. उलट ती प्रत्येकाला वर एक काकडी टाकायची. मीच तिची गिऱ्हाईक, मला नाही माहीत? पण ह्यांनी तपासलं, वजन कमी भरलं, आणि जप्त केलं. चारचौघांत पंचनामा झाला. सोजरबाईने म्हणे काकड्या टोपलीत भरल्या. टोपली उचलली आणि गेली, ती परत बसली नाही. तिच्या जागेवर महिनाभरात एक लिंबूवाला आला. मी ह्यांना म्हटलं, अहो, ती चोर होती का? तर म्हणाले, वजन कमी होतं. बस्स, एवढंच. आठ दिवसांनी मी बोलायला लागले, कारण गॅस संपला होता. पण त्या दिवसापासून हे मंडईत पाऊल टाकत नाहीत. भाजी आणायची ती मी. का जात नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

असा हा माणूस, आणि आयुष्यात एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास टाकला. कशावर, तर एका भाकरीवर.

पंचाण्णव साली हे मांजरीकडे उसाचा मोठा काटा तपासायला गेले होते. दुपारी भूक लागली. कुणीतरी सांगितलं, सर्जेरावांच्या गोठ्यात जेवण मिळतं. हे म्हणाले, मी ढोर आहे का? पण गेले. सर्जेराव म्हणजे तिथले जुने बागायतदार. आजूबाजूची शेतं विकली गेली, हिरवा चारा मिळेना, म्हणून त्यांनी गाई-म्हशी काढून टाकल्या होत्या. गोठा रिकामा राहिला. जमीन मोजायला येणारे लोक भुकेले असायचे, त्यांना गोठ्यातच बसवून पिठलं-भाकरी घालता घालता त्याचं हॉटेल झालं. चारा घालायची जी लांबलचक गव्हाण, तिच्यावर फळ्या टाकल्या की झालं टेबल. ज्या गाईची जी जागा होती तिथे भिंतीवर तिचं नाव खडूने लिहिलेलं होतं, ते कुणी पुसलंच नाही. मग गिऱ्हाईक त्या नावानेच ओळखलं जायचं. पोरं आरोळी द्यायची, ‘कपिलीला ताक!’, ‘मोरीला अजून एक पिठलं!’ खुंट्याला गाईच्या गळ्यातली घंटा बांधलेली होती, काही हवं असेल तर ती वाजवायची. पुढे पुढे पुण्यातले लोक गाड्या भरभरून गोठ्यात जेवायला यायला लागले. घरी शेणाचं नाव काढलं तर नाकाला रुमाल लावणारी माणसं तिथे गव्हाणीत ताट ठेवून फोटो काढायची.

ह्यांना त्या दिवशी ढवळीची जागा मिळाली. ती कायमची ह्यांचीच झाली.

गोठ्याच्या कोपऱ्यात चूल होती आणि चुलीपाशी मथुराबाई. आधी ती तिथेच गुरांचं करायची, गुरं गेल्यावर सर्जेरावांनी तिला चुलीवर बसवलं. कडबा तोडायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं होतं. तव्यावर भाकरी टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, की पापुद्र्यावर बोटांचे चार पट्टे उठायचे आणि त्यातला एक आखूड. ह्यांनी हे पहिल्याच दिवशी पाहिलं. आणखी एक गोष्ट केली, ती सांगायला मला आजही लाज वाटते. भाकरी रुमालात गुंडाळली, काट्याला अडकवली आणि वजन केलं. मग दुसरी. मग तिसरी. तिन्हींचं वजन एक. मथुराबाई पीठ मोजत नव्हती, नुसता डब्यात हात घालून मूठ काढायची. पुढच्या वेळी परत केलं, वजन तेच. वर्षभर ह्यांनी एका वहीत ते वजन उतरवलं. दोन ग्रॅमचाही फरक नाही. घरी येऊन मला म्हणाले, “कुसुम, पुण्यात एकच खरा काटा आहे आणि त्याच्यावर शिक्का मारायची सोय नाही.”

दर दुसऱ्या रविवारी हे स्कूटर काढून एकटेच मांजरीला जायला लागले, तेव्हा मला जो संशय आला तो वेगळाच. त्यांचाच गुण, दुसरं काय. वाण नाही पण गुण लागायचाच. एका रविवारी मी मागच्या सीटवर बसूनच राहिले, उतरणार नाही म्हटलं. गोठ्यात गेले आणि आधी चुलीकडे पाहिलं. पन्नाशीची बाई, मिश्रीने दात काळे झालेले, घामाने पदर भिजलेला. ह्यांना पाहिल्यावर म्हणाली, “या वजनवाले. मोजा, मोजा. कमी भरली तर एक फुकाट देईन.” मग भाकरी माझ्या पुढ्यात आली. मी पहिला तुकडा मोडला, आणि माझा संशय तिथेच विरघळला. एवढी हलकी, एवढी गोड भाकरी मला सात जन्मांत जमायची नाही. माझी भाकरी म्हणजे, ह्यांच्या शब्दांत, पाव किलोचं प्रमाणित वजन. त्या दिवसापासून मी कपिलीच्या जागेवर बसायला लागले. पंचवीस वर्षं आम्ही ढवळी-कपिली म्हणून तिथे जेवलो.

मग सर्जेराव गेले, नंतर साथ आली, आणि गोठा बंद पडला. तीन वर्षं बंद होता. त्यांच्या मुलाने, संभाजीने, नूतनीकरण काढलं असं कळलं. नूतनीकरण म्हटलं की ह्यांच्या कपाळावर आठी. आमच्या सोसायटीचं नूतनीकरण झालं तेव्हापासून जिन्यात पाणी गळतं.

तेवीसच्या दसऱ्यानंतर संभाजीचा फोन आला. काका, गोठा परत सुरू झालाय, तुम्ही आमचे सगळ्यात जुने, काकूंना घेऊन जेवायला या, तुमची जागा राखून ठेवली आहे, आणि हो, जेवण आमच्याकडून. ह्यांनी फोन ठेवला आणि खिडकीत जाऊन उभे राहिले. म्हणाले, फुकट जेवायला कुणी बोलवत नसतं, कुठेतरी पाणी मुरतंय. मी म्हटलं, अहो, माणूस आठवणीने बोलावतोय. तर म्हणतात, त्याचंच तर नवल आहे. पण रविवारी सकाळी आठ वाजताच दाढी करून तयार. काटा खिशात टाकताना मी पाहिलं.

स्कूटर केव्हाच विकली, म्हणून रिक्षाने गेलो. मोबाइलवरची रिक्षा कुठल्या रस्त्याने नेते, याच्यावर ह्यांचं हडपसरपर्यंत लक्ष. मांजरीत उतरलो तर मला गोठा सापडेना. चहूबाजूंनी बावीस-बावीस मजल्यांच्या इमारती, आणि मध्ये दिव्यांची पाटी, ‘सर्जेरावांचा गोठा’. दारात धोतर-मुंडासं घातलेला रखवालदार, आणि त्याच्या हातात वायरलेस.

आत गेलो. ह्यांनी पहिलं काय केलं असेल, तर किल्लीने भिंत खरवडली. शेणाने सारवल्यासारखी दिसत होती. खालून सिमेंट निघालं आणि वर रंग. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही तो रंग माझ्या माहेरचा. छताला कडब्याच्या पेंढ्या टांगलेल्या, त्यांच्याआडून गार वारा येत होता. दाराशी एक प्लास्टिकची गाय होती, जवळून गेलं की ती हंबरायची. गव्हाणीवर काच बसवली होती. खडूची नावं जाऊन तिथे पितळेच्या पाट्या आल्या होत्या. ढवळी आपल्या जागेवर होती, पण तिच्या शेजारी कपिलीऐवजी मोरी आली होती. मी म्हटलं, जाऊ द्या हो, पाटी ती पाटी. हे म्हणाले, पाटी बदलणारा माणूस आणखी काय बदलेल सांगता येत नाही. खरं सांगते, आता माझंही मन खट्टू झालं होतं. आपलं माणूस आजारातून उठावं आणि ओळखू येऊ नये, तसं काहीसं.

घंटा मात्र जुनीच होती. ह्यांनी ती उलटी करून आतला लोळा तपासला, तो जुना निघाला. जरा बरं वाटलं.

कोपऱ्यात चूल होती, पण आता मध्ये काच. काचेपलीकडे मथुराबाई बसली होती. नवं कोरं इरकल लुगडं, जवळ परात, पिठाचा डबा, समोर धडधडती चूल. काचेच्या वर तिचा भलामोठा फोटो आणि खाली लिहिलेलं, ‘मथुराबाईंच्या हातची भाकरी’. माणसं काचेला मोबाइल लावून तिचं चित्रण करत होती. हे काचेपाशी गेले आणि हात वर केला. मथुराबाईने वर पाहिलं. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की तिने ह्यांना पाहिलं आणि ‘या वजनवाले’ म्हटलं नाही. तिने पाहिलं आणि मान खाली घातली.

हे जागेवर येऊन बसले आणि म्हणाले, काहीतरी काळंबेरं आहे. मी म्हटलं, काचेतून ऐकू गेलं नसेल. ते म्हणाले, बघायला कान लागत नाहीत.

मग भाकरी आली. गरम, गोल, टम्म फुगलेली. ह्यांनी ती उचलून उजेडाकडे धरली. पापुद्र्यावर पट्टे होते. चार. चारही सारखे. आखूड पट्टा कुठेच नव्हता. ह्यांनी दुसरी भाकरी पाहिली, माझ्या ताटातली ओढून पाहिली. सगळ्यांवर चार पूर्ण बोटं. मग खिशातून काटा निघाला, रुमाल निघाला. शेजारच्या टेबलावरची मुलं हसायला लागली. मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. ह्यांनी तिन्ही भाकऱ्या एकेक करून तोलल्या. एक दहा ग्रॅम जास्त, दुसरी सोळा जास्त, तिसरी कमी.

“हा तिचा हात नाही,” हे म्हणाले.

त्यांचा आवाज मी ओळखते. पंचनाम्याच्या आधीचा आवाज. मी म्हटलं, चव तर बरी आहे. आणि खरंच बरी होती. पण ह्यांचं चव सोडून बाकी सगळ्याकडे लक्ष. म्हणाले, बाईला काचेत बसवायचं, फोटो लावायचा, आणि आतून भलत्याच्याच भाकऱ्या वाढायच्या, ही गिऱ्हाइकांची शुद्ध फसवणूक आहे. बाईला नुसती बाहुली करून ठेवलीय त्या पोराने. ह्याचं पितळ मी उघडं पाडतो. ह्यांनी घंटा वाजवली, वाढणाऱ्या मुंडासेवाल्या पोराला सांगितलं, मालकांना बोलाव आणि तक्रारवही आण. पोरगा गेला. हे मालकाची वाट बघत थांबणार थोडेच. उठले आणि चुलीच्या बाजूला जे छोटं दार होतं, ते ढकलून सरळ आत. मी त्यांच्या मागे, कारण ह्यांना एकटं सोडलं की मला माफी मागायला नंतर वेगळं जावं लागतं.

आत धूर होता. मथुराबाईने आम्हाला पाहिलं आणि तिचा हात परातीत थांबला. डावा हात. ती डाव्या हाताने भाकरी थापत होती. उजवा हात पदराखाली मांडीवर पडलेला होता, वाळल्या दोडक्यासारखा. परातीतली भाकरी वेडीवाकडी, एकीकडे जाड, एकीकडे फाटलेली. तिच्या पाठीमागच्या भिंतीत एक झरोका होता. ती थापलेलं तिथे सरकवत होती. झरोक्यापलीकडे दुसरी चूल, आणि तिच्यावर श्यामला, मथुराबाईची सून. ते मोडून ती नव्याने थापायची; ताटात येणाऱ्या भाकऱ्या तिच्या. ती आम्हाला बघून उभीच राहिली, तोंडाला पदर लावून.

मथुराबाईने काचेकडे पाठ केली, बाहेरच्यांना तोंड दिसू नये म्हणून, आणि हळू आवाजात म्हणाली, “मोजली न्हवं?”

“मोजली,” हे म्हणाले.

“मला ठावं हुतं. तुमी आला तवाच म्हनलं, आता झालं.” मग तिने पदर बाजूला करून उजवा हात दाखवला. “गेल्या पोळ्याला वारं गेलं ह्यातनं. बोट बी हालंना. संभाजीला ठावं न्हाई.”

ह्यांनी विचारलं, का नाही सांगितलं. तिने मान हलवून मागे दाखवलं. गोठ्यामागे एक खोली होती, पत्र्याची. तीस वर्षं ती तिथे राहत होती. संभाजीला नव्या आराखड्यात ती पाडून कोठी करायची होती. पण फोटो मथुराबाईचा, नाव मथुराबाईचं, म्हणून त्याने सांगितलं होतं, मावशी, तुम्ही चुलीवर आहात तोवर खोली तुमची. सगळ्या मुदपाकखान्याला माहीत होतं, त्याला सोडून. तो गल्ल्यावर आणि गेटावर. उघडून चारच दिवस झाले होते.

“वाईट न्हाई त्यो,” मथुराबाई म्हणाली. “पर त्येला हाताचं कळलं तर म्हनंल, मावशी, आता आराम करा. आराम कुटं करू, वजनवाले? मला दुसरं घर हाय का?”

विनवणी म्हणून नाही हं, नुसतं विचारलं तिने. आणि डावा हात परत परातीत घातला, कारण काचेबाहेर माणसं खोळंबली होती. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मला भीती वाटली, अगदी खरी भीती. पस्तीस वर्षांत ह्या माणसाने एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. मुलीच्या शाळेत गैरहजेरीची चिठ्ठी द्यायची होती, तर ‘ताप’ लिहिलं नाही, ‘आळस’ लिहिलं. हा माणूस काय करणार, हे मला माहीत होतं. मी मनात म्हटलं, आज जर ह्यांनी पंचनामा केला तर आठ दिवस नाही, उरलेलं आयुष्य मी बोलणार नाही. गॅस संपला तरी.

तेवढ्यात दारात संभाजी आला. मागे तक्रारवही घेतलेला पोरगा, आणि हॉटेलची जाहिरात करणारी एक मुलगी मोबाइल समोर धरून. संभाजी पाया पडला आणि म्हणाला, काका, तुम्ही आत कुठे आलात धुरात. मग त्याची नजर ह्यांच्या हातातल्या काट्यावर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. सर्जेरावांनी त्याला ह्यांचे किस्से सांगितले असणार.

“काका, वही मागवलीत. भाकरीत काही कमी-जास्त?”

मोबाइल ह्यांच्या तोंडासमोर आला. झरोक्यातून श्यामला बघत होती. मथुराबाई बघत नव्हती, दाराकडे पाठ करून थापत होती. ह्यांनी हातातला काटा डोळ्यांजवळ नेला, हूक पाहिला, कडी पाहिली, स्प्रिंग पाहिली. मला वाटतं, मिनिटभर तरी पाहिलं असेल. जप्त केलेल्या मालाकडे बघतात तसं.

“माझा काटा चुकतोय,” हे म्हणाले.

संभाजीला कळेना. म्हणाला, तुमचा काटा? कसं शक्य आहे काका?

“जुना झालाय. वापरून वापरून घासतात. त्यात त्यांचा दोष नसतो.” मग आवाज साफ करून म्हणाले, “भाकरी बरोबर आहे. हात तोच आहे. वही घेऊन जा.”

संभाजीने सुटकेचा निःश्वास टाकला. मोबाइलवाली मुलगी म्हणाली, सर, परत एकदा बोलाल का, चुलीकडे बघून? हे म्हणाले, एकदा सांगितलं ते पुरे. आणि बाहेर येऊन ढवळीच्या जागेवर बसले. मी मोरीच्या.

आम्ही जेवलो. श्यामलाच्या दोन-दोन भाकऱ्या खाल्ल्या. ताक येणार तेवढ्यात पोरगा आणखी एक भाकरी घेऊन आला. म्हणाला, मावशींनी पाठवली, आजोबांना द्यायला सांगितलंय. ती भाकरी म्हणजे काय होती, देवा. एका बाजूला बोटभर जाड, मध्ये कच्ची, कड करपलेली, गोल तर नाहीच. आणि वर पाण्याचे पट्टे उलट्या बाजूला कललेले. डाव्या हाताचे. ह्यांनी ती उलटी करून पाहिली नाही. काटा खिशात होता, तो काढला नाही. मिठाचा खडा घेतला आणि कच्च्यासकट सगळी भाकरी खाल्ली. मला एक घासही दिला नाही. मी मागितलाही नाही.

त्यानंतर आम्ही सहा-सात वेळा गेलो. जाताना हे काचेपाशी उभे राहायचे, आणि मथुराबाई आतून म्हणायची, “या वजनवाले.” ऐकू यायचं नाही, ओठ दिसायचे. हे सगळं आता उघड सांगते, कारण मथुराबाई यंदाच्या संक्रांतीनंतर गेली. गोठ्यामागच्या त्याच खोलीत, झोपेत. चुलीवर आता श्यामला बसते, झरोक्याच्या अलीकडे, काचेमागे, आणि फोटोही तिचाच आहे. संभाजीला नंतर कळलं की नाही, मला ठाऊक नाही. कळलं असेल तर तोही मूग गिळून बसला, हे त्याच्या बापाचं पुण्य.

पण मला सांगायचं होतं ते त्या पहिल्या दिवसाचं. जेवून आम्ही रिक्षात बसलो. हडपसर आलं, गेलं. हे रस्त्याकडे लक्षच देईनात. रिक्षा उजवीकडे गेली काय, डावीकडे गेली काय. मला वाटलं, कच्ची भाकरी पोटात बसली. विचारलं, बरं वाटतंय ना? ह्यांनी खिशातला काटा चाचपला. मग समोर बघतच म्हणाले, “कुसुम, सोजरबाई चोर नव्हती.”

सत्तेचाळीस वर्षांनी. मी म्हटलं, “नव्हतीच.”

“मला तेव्हाही माहीत होतं,” हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघंही तिथेच रडलो असतो, आणि रिक्षावाल्याला उगीच संशय आला असता.